लाल वायर एक्स्ट्रा आहे

आमच्या घरात टेक्निकल मी. ही पदवी मला लग्नाआधी, सहा महिन्यांच्या कॉम्प्युटर क्लासच्या जोरावर मिळाली आणि पुढे कोणी काढून घेतली नाही, कारण दुसरा उमेदवारच नव्हता. आईच्या लेखी रिमोट म्हणजे टीव्हीचा आवाज कमी करायची वस्तू आणि बाबांच्या लेखी पाठ खाजवायची. त्यामुळे घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत जे जे वायरीवर चालायचं, त्याच्यासमोर मला उभं केलं जायचं. मी कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं बघायचे आणि काहीतरी ठोकून द्यायचे. ज्ञान बेताचं होतं, आत्मविश्वास मात्र भरपूर होता.

माझ्या लग्नाची कॅसेट आली, म्हणजे खरं तर तीन व्हीसीडी आल्या, पण आई आजही कॅसेटच म्हणते, तेव्हाही मलाच बोलावलं. लग्न होऊन दोन महिने झाले होते, मी कांदिवलीहून खास आले. नवीन आणलेल्या चायनीज प्लेअरमधून तीन वायरी निघत होत्या, पिवळी, पांढरी आणि लाल. आमच्या जुन्या टीव्हीला पाठीमागे भोकं दोनच, एक पिवळं आणि एक पांढरं. मी पिवळी पिवळ्यात घातली, पांढरी पांढऱ्यात घातली, चित्र आलं, गाणं वाजलं. बाबांनी विचारलं, "आणि ही लाल?"

"ती एक्स्ट्रा आहे," मी म्हणाले.

रिमोटवर एल आणि आर लिहिलेलं एक बटण होतं, तेही मी असंच निकालात काढलं. पुढच्या गणपतीत मखर बांधायला वायर कमी पडली, तेव्हा मी स्वतः पक्कड घेऊन ती लाल वायर मुळापासून कापली आणि बाबांच्या हातात दिली. मखर छान घट्ट बसलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते आधी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले. सोसायटीने त्यांना शिट्टी दिली होती, ती त्यांनी कधी वापरली नाही, कारण गरज नव्हती. ते पहिल्या मजल्यावरच्या माणसाशी बोलले की सातव्या मजल्यावरचा खिडकी उघडून "काय झालं?" विचारायचा. पण त्यांचं खरं नाव होतं ते गाऱ्हाण्यात. आम्हा मालवणी लोकांत कुठलंही कार्य असो, देवापुढे नारळ ठेवून घरातल्या मोठ्या माणसाने सगळ्यांच्या वतीने देवाला काय ते खणखणीत सांगायचं, आणि दर मागणीनंतर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं, ही पद्धत. बाबांचं गाऱ्हाणं म्हणजे देवाशी केलेलं भांडण असायचं. गावच्या सगळ्या देवांची नावं ओळीने यायची, कोणाचा मान कोणाच्या आधी यात कधी चूक नाही, आणि मग मागण्या, त्यासुद्धा दम दिल्यासारख्या. चाळीतले लोक पूजेला प्रसादासाठी कमी आणि त्यासाठी जास्त यायचे.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं. माणूस वाचला, आवाज गेला. आता ते मांडीवर पाटी घेऊन बसतात आणि खडूने लिहितात. शिवी असली की खडू मोडतो, त्यामुळे न वाचताच कळतं.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या गणपतीत गाऱ्हाणं कोणी घालायचं हा प्रश्न आला. मी एकुलती एक, त्यातून मुलगी, त्यामुळे मला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारलं नाही. चुलतभावाला बोलावलं. तो मोबाइल घेऊन उभा राहिला आणि इंटरनेटवर सापडलेलं एक गाऱ्हाणं त्याने वाचून दाखवलं. ते दुसऱ्याच गावचं होतं. आमच्या घरात, आमच्या गणपतीपुढे, आम्ही सगळ्यांनी न पाहिलेल्या गावच्या ग्रामदेवतेला पाऊस मागितला. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले ते आरती संपेपर्यंत वळले नाहीत.

या वर्षी गणपतीला महिना राहिला तेव्हा आईने मला फोन केला. "ह्येंचां गाऱ्हाणां खंय तरी आसतलांच. तू शोध. तू टेक्निकल मां?"

"बाबांना लिहून काढायला सांग ना."

"तां करून झालां."

बाबांनी प्रयत्न केला होता. मी गेले तेव्हा माझ्यासमोर परत केला. पाटीवर 'बा देवा म्हाराजा' लिहिलं, खाली दोन नावं लिहिली आणि थांबले. डोळे मिटून मान हलवली, परत खडू टेकवला आणि मग फडक्याने सगळं पुसून टाकलं. खाली लिहिलं, "बोलताना येता. लिवताना नाय." पन्नास वर्षं जे तोंडात होतं ते हातात उतरत नव्हतं, आणि तोंड तर डॉक्टरांनी बंद करून ठेवलेलं. मला त्या वेळी डॉक्टरांचा, देवाचा आणि त्या खडूचा, सगळ्यांचा एकदम राग आला.

फोनमध्ये बाबांचा आवाज होता, नाही असं नाही. पाच सेकंदांचा एक निरोप, "येताना कोथमीर आण." आणि चुकून बटण दाबलं जाऊन रेकॉर्ड झालेला आमचा मिक्सर, त्यात मागे बाबांचा खोकला. गाऱ्हाण्याचं काही नव्हतं, कारण देवासमोर कोणी फोन वर केला की बाबा मधेच थांबून त्याच्या आईबापाची चौकशी करायचे. गाऱ्हाणं टिपलं गेलं ते एकदाच, माझ्या लग्नात, कारण कॅमेरावाल्याला हा नियम माहीत नव्हता. पाठवणीच्या आधी हॉलमध्येच बाबांनी नारळ ठेवला होता. ते दुसऱ्या नंबरच्या व्हीसीडीत होतं.

आणि त्यावर गाणं होतं.

त्या काळचं लग्नाचं शूटिंग ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. मी गुलाबाच्या फुलातून बाहेर येते, नवरा बदामातून येतो, दोघे मिळून धबधब्यावर तरंगतो आणि चारही बाजूंनी सिनेमाची गाणी वाजतात. भटजी मंत्र म्हणताना दिसतात पण ऐकू येतं प्रेमगीत. बाबा गाऱ्हाणं घालतात तिथे मुलीच्या पाठवणीचं एक हिंदी रडकं गाणं आहे. बाबांचा हात वर जातो, ओठ हलतात, मानेच्या शिरा फुगतात, समोरची माणसं एकसाथ तोंड उघडतात, आणि ऐकू येते सारंगी. तेव्हा आम्ही ते बघून रडलोसुद्धा होतो. आता बघितलं तर दगड मारावासा वाटतो.

तरी मी स्टेशनजवळच्या एका दुकानात तिन्ही चकत्या नेल्या. तो जुन्या कॅसेट-सीडी मोबाइलवर घालून देतो. चकतीवर ओरखडे होते, कॉपी होईना, म्हणून त्याने प्लेअरवर चालवून तिकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. "एमपीफोर करून दिलंय मॅडम. एकदम झकास." मी मोठ्या आशेने कानाला लावलं. सारंगी एकदम झकास होती.

इथून पुढे दोन आठवडे मी जे केलं त्याची मला लाज वाटते, पण सांगते. माझी समजूत अशी झाली की फॉरमॅट चुकला. एमपीफोरमध्ये आवाज नसेल आला, दुसऱ्या कशात तरी येईल. मी ते एव्हीआय केलं, एमकेव्ही केलं, एमओव्ही केलं. दर वेळी फाइलचं शेपूट बदलायचं, मी हेडफोन लावायचे आणि गाण्यातली तीच बाई त्याच सारंगीवर रडायची. मग कळलं की ही सगळी डब्यांची नावं आहेत. आपल्या फ्रिजमधल्या श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड सोडून सगळं असतं, तसं. डब्यावर काय लिहिलंय याला अर्थ नाही, आत चित्राची एक पट्टी आणि आवाजाची एक पट्टी असते, आणि ती ज्या पद्धतीने घडी घालून कोंबलेली असते त्या घडीला कोडेक म्हणतात. मी दोन आठवडे चटणी या डब्यातून त्या डब्यात ओतत होते आणि तिचं श्रीखंड होईल म्हणून वाट बघत होते.

मग मी आवाज वेगळा काढला. एमपीथ्री केला, बिटरेट वाढवला. बिटरेट म्हणजे दर सेकंदाला किती माहिती साठवायची ते. मी सगळ्यात मोठा आकडा निवडला. फाइल जाडजूड झाली, आवाज तोच राहिला. एका ठिकाणी 'लॉसलेस' असा शब्द वाचला. जे हरवलं ते परत मिळतं असा मी त्याचा अर्थ लावला. तसं नसतं. लॉसलेस म्हणजे जे आहे त्यातलं पुढे काही जाणार नाही एवढंच. जे आधीच गेलंय त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात बसून मी रडले, आणि त्यात सारंगीचा काही हात नव्हता.

नवरा म्हणाला, "ज्याने मिक्सिंग केलं त्यालाच विचार ना." नवरा घाटावरचा आहे, वर्षातून एखादीच सूचना करतो.

सीडीच्या कव्हरवर वाकोल्याचा पत्ता होता. फोन नंबर कधीच मेला होता, पण दुकान होतं. वर पाटी आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सची, आत मात्र तोच माणूस, केस पांढरे झालेला आणि वैतागलेला. मी कव्हर पुढे केलं, सगळं सांगितलं. त्याने चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

"ओरिजनल आवाज आहे ना त्यात. काढलाय कोणी?"

"त्यात गाणं आहे, काका."

"गाणं डावीकडे आहे. कॅमेऱ्याचा आवाज उजवीकडे. मी सगळ्यांच्या लग्नात असंच करायचो. पब्लिकचा काय भरवसा ओ? आधी म्हणणार गाणी टाका, मग सासरा येऊन भांडणार, मंत्र ऐकायला येत नाहीत. म्हणून दोन्ही द्यायचं, लेफ्टला गाणी, राइटला ओरिजनल. ज्याला जे पाहिजे ते बटण दाबून ऐका ना. स्टिरिओ म्हणजे काय मग? दोन वेगळे आवाज." त्याने पुढ्यातला स्टेपलर उगाच आपटला. "डिलिव्हरीच्या टायमाला सांगायचो मी. कोण ऐकतंय? सगळ्यांना स्वतःला गुलाबात बघायची घाई."

मी म्हणाले, "पण आम्हाला तर कधीच ऐकू आलं नाही."

"लाल वायर कुठे लावली होती?"

मी सीडीचं कव्हर पदराने पुसायला लागले.

"पांढरी लेफ्ट, लाल राइट. टीव्ही मोनो असेल तर एकच लागते, मग लोक पांढरी लावतात आणि लाल तशीच लोंबत ठेवतात. दुकानवाल्यानेही तेच केलं असणार. एकच वायर लावली, मोनो करून दिलं. पांढरीच्या जागी लाल लावायची फक्त. तुमच्यात कोणी टेक्निकल माणूस नव्हता काय घरात?"

मी "नव्हता" म्हणाले.

रिक्षातूनच आईला फोन केला. "आई, त्या लग्नाच्या सीड्या काढून ठेव. दोन नंबरची मुख्य."

"अगो, तूच म्हणालंस मां, सगळां फोनात घेतलंय म्हणान? मगे त्यो चकत्यो मी ग्यालरीत टांगलंय. कबुतरां काय कमी आसत?"

आमची वाट लागली होती. मी धावत जिना चढले तर ग्रिलला तीन चकत्या दोऱ्याने लटकून उन्हात गोल फिरत होत्या, आणि त्यांच्या बरोबर खाली एक कबूतर निवांत बसलं होतं. एका चकतीला तर त्याने आपली पावतीही दिली होती. ती नेमकी दोन नंबरची. मी ती भांड्यांच्या साबणाने धुतली, बाबांच्या जुन्या मऊ बनियनने पुसली. मागची चंदेरी बाजू कडेला सोलली होती. बाबा पाटी घेऊन माझ्यामागे उभे होते. त्यांनी लिहिलं, "काय झालां?" मी म्हटलं, "थांबा, मग सांगते." मला आधी सांगायचा धीर झाला नाही.

वाकोल्याच्या काकांनी स्वतःचा जुना प्लेअर दिला होता, तिन्ही वायरींसकट. रविवारी सकाळी मी पिवळी वायर टीव्हीला आणि लाल एका छोट्या स्पीकरला लावली. या वेळी पांढरी एक्स्ट्रा होती. बाबा खुर्चीत, आई जमिनीवर, नवरा दाराशी. चकती घरघरली, अडखळली, चौकोन चौकोन उडाले. मग हॉलभर माणसांची कुजबुज, कोणाचं तरी पोर, कोणीतरी "पंखो लाव रे" म्हणतंय. आणि मग, इतकी वर्षं त्या चकतीत गप्प बसलेला आवाज खोलीत आला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आईने दोन्ही हात तोंडावर धरले. बाबा हलले नाहीत. देवांची नावं एकामागून एक येत गेली, त्याच क्रमाने, त्याच दमाने. आणि बाबांचे ओठ हलायला लागले. आवाजाबरोबर, एक अक्षर मागेपुढे न होता. मी टीव्हीकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच बघत राहिले. मग स्पीकरमधले बाबा म्हणाले,

"आज ह्यां माझां चेडू परक्या घराक चल्लांहा. तेचां तोंड वायच फाटकां, पण मन बरां आसा. थंयसर तेचो आवाज कोणी दाबूक जाव नये. आणि कोण गेलोच, तर तेका तू बघून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा हॉल ओरडला. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या नवऱ्याचा होता, त्याला मालवणीचं एक अक्षर कळत नव्हतं तेव्हा. आता कळतं. तो दाराशी चपला नीट लावायला लागला.

मी ते लग्नात ऐकलं नव्हतं. मला तेव्हा शालू, हार आणि फोटोवाला यांतून वेळ नव्हता. नंतर मी स्वतः ते कापून मखराला बांधलं. माझ्या बापाने देवाकडे माझा आवाज मागितला होता आणि मी त्याचा आवाज एक्स्ट्रा म्हणून पक्कडीने तोडला होता. मी ते त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, वायरीचं, पक्कडीचं, सगळं. बाबांनी ऐकून घेतलं आणि पाटीवर लिहिलं, "वायर तुटली म्हणान तुझी सासू वाचली." आईला हसू आवरेना आणि मी नाक पुसत तिला ओरडले.

तेवढ्यात चकती अडकली. सोललेली कड आली होती. बाबा पडद्यावर हात वर करून थिजले, स्पीकर गप्प झाला. पण खुर्चीतले बाबा थांबले नव्हते. डोळे मिटलेले, ओठ चालूच. लिहिताना जे येत नव्हतं ते आता धबाधबा येत होतं, फक्त त्याला आवाज नव्हता. आईने खुर्चीसमोर बस्तान ठोकलं, त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि बोलायला लागली. पंचेचाळीस वर्षं हेच तोंड वाचलेली बाई ती. ओठ हलायचे, आई शब्द म्हणायची, मी फोन धरून रेकॉर्ड करायचे. फोन वर केला म्हणून बाबांनी या वेळी कोणाचे आईबाप काढले नाहीत. मी ती फाइल लॉसलेसमध्येच ठेवली आहे. आता मला त्याचा अर्थ माहीत आहे.

संपल्यावर मी म्हटलं, चुलतभावाला पाठवते, पाठ करून येईल. बाबांनी पाटी पुढे केली.

"तेका बोलवू नको. तोंड फाटकां आसा मां? वापर."

गणपती आले. मखराला या वर्षी सुतळी वापरली. घर माणसांनी भरलं, चुलतभावही आला होता, पण मोबाइल खिशात ठेवून. मी नारळ ठेवला, सगळे माझ्याकडे बघायला लागले. देवांची नावं मी नीट घेतली. मागण्या घातल्या. शेवटी चकतीत नव्हतं ते मी माझं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ज्येचो आवाज तू घेतलंस, तेचां म्हणणां आता ह्या फाटक्या तोंडातसून आयक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" घर म्हणालं. आणि त्या मागोमाग, जरा उशिराने, बाबांच्या खुर्चीच्या लाकडी हातावर जोरात एक थाप पडली. दर "व्हय म्हाराजा"ला ती पडत होती, मला आत्ता ऐकू आली.

आरती झाल्यावर मी बाबांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, दुसऱ्या हाताने पाटी माझ्याकडे फिरवली. खडूचा तुकडा खाली पडलेला होता.

"आवाज कमी पडलो. पुढच्या वर्सा मोठ्यान."